खडूच्या कड्यावरचा मोर्चा : आयल ऑफ वाइटचे तीन दिवस

अण्णा पहिल्यांदाच इंग्लंडला आले होते. लंडनमध्ये दोन दिवस फिरून झालं, पण राजवाड्यांत त्यांचा जीव रमला नाही. छत्तीस वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सार्वजनिक बांधकाम खात्यात काढलेला माणूस. धक्के, साकव, समुद्राच्या लाटा अडवणाऱ्या भिंती यांत आयुष्य गेलं. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी कोपरा बघतात, मग छत, आणि तिथे लावलेली चित्रं सगळ्यात शेवटी. "काहीतरी बांधलेलं दाखव, बाय," ते म्हणाले. "सजवलेलं बघून झालं."

म्हणून सप्टेंबरअखेरीस अण्णा, माझा अकरा वर्षांचा ओम आणि मी साउदम्प्टनहून निघालो. आयल ऑफ वाइट बेटाच्या पश्चिम टोकाला, नीडल्स नावाच्या पांढऱ्या सुळक्यांच्या वर, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक बंद पडलेली तोफांची बॅटरी आहे. मी ती एकदा मैत्रिणींबरोबर धावतपळत पाहिली होती. तेव्हाच मनात आलं होतं, की ही जागा अण्णांच्या नजरेने बघायला हवी.

बॅटरी म्हटल्यावर ओमच्या डोळ्यांपुढे टॉर्चमधला सेल आला. अण्णा म्हणाले, "मोर्चा रे! अमक्या किल्ल्याला तोफांचे मोर्चे लावले, असं बखरीत येतं ना, तो मोर्चा. घोषणा देत जातात तो वेगळा." पुढचे तीन दिवस आमच्यात तोच शब्द चालला, म्हणून इथेही तोच वापरते.

निघण्याआधी पार्श्वभूमी थोडक्यात. १८५९ साली फ्रान्सने 'ग्लोआर' ही चिलखती युद्धनौका पाण्यात उतरवली. लाकडी गलबताला चारही बाजूंनी लोखंडी पत्रे चढवलेले. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या जुन्या तोफा एका दिवसात म्हाताऱ्या झाल्या. फ्रान्सचं शेरबूर बंदर नीडल्सपासून सुमारे ११० किलोमीटरवर. पंतप्रधान पामर्स्टन यांच्या सरकारने त्याच वर्षी संरक्षणासाठी शाही आयोग नेमला, १८६० मध्ये अहवाल आला आणि देशभर किनाऱ्यावर किल्ले आणि मोर्चे उभे राहू लागले. साउदम्प्टन आणि पोर्ट्समथ या दोन्ही बंदरांकडे पश्चिमेकडून जाणारी वाट नीडल्सजवळून आत शिरते आणि पुढे हर्स्टपाशी मैलाहूनही अरुंद होते. त्या वाटेच्या दोन टोकांवरची दोन बांधकामं बघायची, एवढाच आमचा बेत होता.

दिवस पहिला : हर्स्ट

हर्स्टचा किल्ला बेटावर नाही, अलीकडच्या किनाऱ्यावर आहे. समुद्रात घुसलेल्या गोट्यांच्या एका लांब दांडीच्या टोकावर तो बसलाय. मालवणच्या माणसाला दांडी म्हणजे काय ते सांगायला नको. फक्त इथे वाळूऐवजी मुठीएवढे गुळगुळीत गोटे. कीहेवनच्या लहानशा धक्क्यावरून होडी मिळते. होडीवाल्याने अण्णांना हात धरून आत घेतलं आणि कुठून आलात विचारलं. "इंडिया, वेस्ट कोस्ट" म्हटल्यावर त्याने विचारलं, तिकडे भरती किती चढते? अण्णांनी पावसाळ्यातल्या उधाणाचे आकडे सांगितले. भाषेची अडचण दोघांनाही जाणवली नाही.

किल्ल्याच्या मध्यभागी आठव्या हेन्रीने १५४१ ते १५४४ मध्ये बांधलेला बुटका दगडी बुरूज आहे. १६४८ च्या डिसेंबरमध्ये पहिल्या चार्ल्स राजाला इथे कैदेत ठेवलं होतं; पुढच्याच महिन्यात त्याचा शिरच्छेद झाला. बहुतेक लोक तिथेच फोटो काढत उभे राहतात. अण्णा मात्र त्या बुरुजाच्या दोन्ही अंगांना १८६० च्या दशकात जोडलेल्या लांबलचक भिंतींकडे सरळ चालत गेले.

पश्चिमेकडच्या भिंतीच्या आतल्या बाजूने आम्ही चालायला लागलो. विटांच्या कमानी, एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. प्रत्येक कमानीखाली एक खोली, प्रत्येक खोलीत एका तोफेची जागा. अण्णा थबकले आणि म्हणाले, "ही तर तोफांची चाळ आहे!" त्यानंतर मला तो किल्ला दुसऱ्या कशासारखा दिसेनाच. मागच्या बाजूने रुंद उघडी, समुद्राच्या बाजूने बंद, वर घुमटाकार छत, आणि पुढच्या ग्रॅनाइटच्या भिंतीत जाड लोखंडी पत्र्यांची ढाल. त्या ढालीत तोफेचं तोंड बाहेर निघेल एवढीच खिडकी.

खोलीच्या फरशीत लोखंडी रूळ बसवले आहेत, पण ते सरळ नाहीत, कंसासारखे वळलेले. तोफेचा गाडा त्यावरून डावीउजवीकडे फिरायचा आणि फिरण्याचा मध्य मात्र पुढे खिडकीपाशी राहायचा. अण्णांनी ओमला भिंतीशी उभं केलं, हातात छत्री दिली आणि टोक खिडकीत टेकवून मागची मूठ फिरवायला सांगितली. छत्रीचं टोक जागेवर आणि मूठ रुळांवरून फिरते. "आता सांग, खिडकी लहान का?" ओमला कळलं. मध्य खिडकीत ठेवला की तोफ कितीही फिरवली तरी भोक मोठं करावं लागत नाही, आणि भोक लहान म्हणजे शत्रूचा गोळा आत यायची शक्यता कमी. आपल्या किल्ल्यांच्या तटात गोळीबारासाठी ठेवलेल्या भोकांमागे, म्हणजे जंग्यांमागेही, हाच विचार आहे: आत ऐसपैस, बाहेर अरुंद.

पश्चिमेच्या चाळीत ३८ टनांच्या दोन तोफा आजही आहेत. साडेबारा इंच रुंद तोंड, आणि एक गोळा साडेतीनशे किलोहून जड. असा गोळा तोंडाकडून आत ढकलायचा. खिडकीच्या वर एक आडवी लोखंडी दांडी दिसते. तिला जाड दोरांचा विणलेला पडदा टांगत असत, धूर आणि ठिकऱ्या अडवायला. तिथल्या स्वयंसेवक बाई विणकाम करत बसल्या होत्या. त्यांनी सुया बाजूला ठेवून तो पडदा कसा असायचा ते हातातल्या लोकरीवरच दाखवलं.

मग त्यांनीच आम्हाला दारूकोठाराची रचना समजावली, आणि माझ्यासाठी त्या दिवसातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती. दारूच्या खोलीत उजेड तर हवा, पण दिवा म्हणजे ज्योत, आणि ज्योत आत नेणं म्हणजे मरण. त्या काळच्या बांधकाम करणाऱ्यांनी उपाय काढला तो असा: कोठाराच्या भिंतीपलीकडे एक वेगळी चिंचोळी वाट. दिवेवाला त्या वाटेने जायचा, भिंतीतल्या कोनाड्यात दिवा ठेवायचा, आणि कोनाड्याच्या कोठाराकडच्या बाजूला जाड काच पक्की बसवलेली. उजेड आत जातो, ज्योत बाहेर राहते. दिवेवाला आणि दारूवाला यांची वाट कुठेही एक होत नाही. कोठारात शिरण्याआधी एक आडोसा असायचा. तिथे अंगावरचे कपडे आणि बूट काढून, लोखंडाचा कण नसलेले कपडे आणि वेगळी पादत्राणं घालायची. आतलं सगळं सामान तांब्यापितळेचं, कारण लोखंड लोखंडावर घासलं की ठिणगी.

"सोवळं," अण्णा हळूच म्हणाले. ते थट्टेत बोलले नव्हते. त्या कोनाड्याच्या काठावरून बोट फिरवत बराच वेळ उभे होते.

पूर्वेकडच्या भिंतीचा काही भाग २०२१ च्या फेब्रुवारीत कोसळला. समुद्राने पायाखालचे गोटे ओढून नेले आणि वरची एवढी जाड भिंत जागच्या जागी खचली. आता तिथे मोठाले दगड टाकून समुद्र रोखून धरलाय. अण्णांनी आयुष्यभर ज्याला धूपप्रतिबंधक बंधारा म्हटलं तेच हे. दगडांचा आकार आणि उतार त्यांनी होडीतून नीट बघून घेतला. ते काही बोलले नाहीत, पण चेहरा उतरला होता. ज्या भिंतीने तोफगोळ्यांची वाट बघितली ती गोटे सरकल्याने पडली, हे त्यांना मनाला लागलं.

जाणाऱ्यांसाठी: होडी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालते. दांडीवरून चालतही जाता येतं, जवळजवळ अडीच किलोमीटर, पण गोट्यांत पाय रुततो आणि गुडघे बोलायला लागतात. वयस्कर माणूस बरोबर असेल तर होडीच घ्या. आत अंधाऱ्या खोल्या बऱ्याच आहेत. चांगला टॉर्च ठेवा. किल्ला इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे, सभासदत्व असेल तर ते वापरा.

संध्याकाळी लिमिंग्टनहून गाडीसकट फेरीत बसून चाळीस मिनिटांत यार्मथला उतरलो. मुक्कामाच्या घरच्या आजींनी अण्णांना जिना चढायला नको म्हणून आपली तळमजल्यावरची खोली दिली. रात्री बंदरावर बसून गरम फिश अँड चिप्स, आणि अण्णांसाठी घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आजींनी चटणी चाखली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोस्टवर घालायला पुन्हा मागितली.

दिवस दुसरा : वारा

सकाळी उठलो तर खिडक्या थडथडत होत्या. फोन केला, तर वाऱ्यामुळे मोर्चा आज बंद. कडा उघडा आहे, जोराच्या वाऱ्यात तिथे कोणाला सोडत नाहीत. ओम हिरमुसला. अण्णा म्हणाले, "बंद ठेवतात म्हणजे शहाणे आहेत."

तो दिवस मग जवळपास घालवला. यार्मथपासून थोड्याच अंतरावर फोर्ट व्हिक्टोरिया आहे, १८५० च्या दशकातला, लाल विटांचा. बराचसा पाडलाय, समुद्राकडच्या कमानींची ओळ तेवढी उरली आहे. हर्स्ट तिथून समोरच दिसतं, एवढं जवळ की दोन तीरांवरच्या तोफांनी मिळून वाट कशी आवळली असेल ते नकाशाशिवाय कळतं. 'ग्लोआर' यायच्या आधीचं हे बांधकाम, त्यामुळे इथे लोखंडी ढाली नाहीत, नुसत्या विटा. कालच्या ग्रॅनाइट आणि लोखंडाशेजारी ठेवून पाहिलं की दहा वर्षांत काय भीती शिरली ते भिंतीवरच दिसतं.

तिथून फ्रेशवॉटरला गोल्डन हिल फोर्ट बाहेरून पाहिला. षटकोनी, मधे अंगण, सभोवती खोल्या. आसपासच्या मोर्च्यांवरचे गोलंदाज राहण्यासाठी १८६० च्या दशकात बांधलेली ही बराक, आणि छतावर तोफांची जागा. आता तिथे लोक राहतात, त्यामुळे फार डोकावलो नाही. कुत्र्याला फिरवत असलेले एक गृहस्थ मात्र आपणहून थांबले आणि म्हणाले, माझ्या स्वयंपाकघराची भिंत दोन हात जाड आहे, फोनला रेंज येत नाही, पण थंडीत गॅसचं बिल कमी येतं.

दुपारी लसणाच्या मळ्यावर गेलो. या बेटावरचा लसूण प्रसिद्ध आहे आणि मळ्यात काळ्या लसणाचं आइस्क्रीमसुद्धा मिळतं. ओमने खाल्लं. अण्णांनी लसणाची एक गड्डी हातात घेऊन वजन बघितलं, एक पाकळी चावली आणि "तिखटपणा कमी, पण रस आहे" असा निर्वाळा देऊन अर्धा किलो घेतला. रात्री वारा पडला.

दिवस तिसरा : नीडल्स

सकाळी आकाश धुतल्यासारखं. अ‍ॅलम बेला गाडी लावली. रंगीत वाळूच्या कड्यांचं हे ठिकाण पर्यटकांनी गजबजलेलं असतं. मार्कोनीने १८९७ मध्ये बिनतारी संदेशांचे प्रयोग इथल्याच एका हॉटेलातून केले होते, त्याची खूण तिथे आहे. पुढे खासगी गाड्या नेता येत नाहीत. चालत वीस-पंचवीस मिनिटं, किंवा उघड्या टपाची बस. आम्ही बस घेतली. रस्ता एका गाडीपुरता, डाव्या हाताला गवताचा चढ, उजव्या हाताला काहीच नाही, खाली समुद्र. वळणावर ओमने आजोबांचा हात धरला; आजोबांनी पुढच्या बाकाची दांडी.

इथला डोंगर खडूचा आहे, म्हणजे पांढऱ्या, मऊ चुनखडीचा. कड्याच्या कापात काळ्या दगडांच्या आडव्या रांगा दिसतात, ते चकमकीचे दगड. अण्णांनी एक उचलून पाहिला. "दारूकोठार बांधलं कुठे, तर चकमकीच्या डोंगरात!"

मोर्च्यात शिरण्याआधी खंदक लागतो. डोंगराची धार या टोकाशी निमुळती होत जाते; ती आडवी कापून खंदक केलाय आणि त्यावरून आत जाणारी वाट. म्हणजे शत्रू समुद्रातून येणार हे गृहीत धरलं, तरी त्याने दुसरीकडे उतरून डोंगरधारेने चालत मागून यायचं ठरवलं तर? ही शंका आपल्या गडांच्या बांधणीतही जागोजागी दिसते. अण्णांना प्रवेशात वळण हवं होतं, गोमुखासारखं. पण इथे दरवाजा फोडायला हत्ती येणार नव्हता, आणि धारच इतकी अरुंद की वळायला जागा कुठली? खंदक पुरेसा होता.

आत पोचलो आणि तिघंही एकदम गप्प झालो.

छत नाही. हर्स्टला दोन तास विटांच्या घुमटांखाली काढल्यानंतर इथे सगळं आभाळाला उघडं. मध्ये कवायतीचं मोकळं अंगण, आणि समुद्राच्या कडेने तोफांच्या सहा जागा ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीपुढे छातीएवढी बुटकी भिंत, तिच्यावरून तोफ थेट बाहेर बघणार. खिडकी नाही, लोखंडी ढाल नाही. जमिनीतले वळलेले रूळ मात्र तेच.

अण्णा भिंतीपाशी गेले, खाली वाकून बघितलं, मग मागे वळून मला विचारलं, "उंची किती?"

"७७ मीटर."

"मग बरोबर."

त्या दोन शब्दांत त्यांना सगळं उलगडलं होतं, आणि मला व ओमला त्यांनी ते अंगणातल्या बाकावर बसून सांगितलं. हर्स्ट पाण्याच्या पातळीवर आहे. तिथे जहाज समोरासमोर उभं राहून मारा करू शकतं, म्हणून ग्रॅनाइट, म्हणून लोखंड, म्हणून चाळ. इथे सत्त्याहत्तर मीटर उंचीवर जहाजाची तोफ एवढी तोंड वर करूच शकत नाही. उलट इथून सुटलेला गोळा जहाजाच्या डेकवर पडतो, आणि चिलखत असतं ते बाजूंना. डेकवर ते तेवढं जाड नसतं. उंचीनेच भिंतीचं काम केलं, मग भिंत कशाला बांधायची? एकाच दशकातली, एकाच शत्रूसाठी केलेली ही दोन बांधकामं एकमेकांसारखी अजिबात दिसत नाहीत, ती एवढ्यासाठी. "सिंधुदुर्गाचा तट आणि रत्नदुर्गाचा तट आठव," ते म्हणाले. "पाण्यातल्या किल्ल्याला सगळं अंगावर घ्यावं लागतं."

हे १८६१ ते १८६३ मधलं काम. पहिल्यांदा इथे सात इंची आर्मस्ट्राँग तोफा बसवल्या, मागून भरायच्या. कागदावर त्या आधुनिक, पण मागचा भाग जोरदार बार सोसण्याइतका भरवशाचा नव्हता, आणि चिलखत फोडायचं तर बार जोरदार हवा. म्हणून ब्रिटिश तोफखाना पुन्हा तोंडाकडून भरायच्या तोफांकडे वळला, आणि १८७० च्या दशकात इथेही नऊ इंची, बारा टनी तोफा आल्या. त्यांतल्या दोन आज अंगणात आहेत. मोर्चा निकामी झाल्यावर त्या खाली उतरवण्याचा खटाटोप करण्याऐवजी कड्यावरून ढकलून दिल्या होत्या. पुढे नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने दोन परत वर आणल्या. बारा टनांचं ओझं त्या कड्यावरून वर चढवणं म्हणजे काय, याचा हिशेब अण्णा मनातल्या मनात करत होते. ओठ हलत होते.

बाजूला एक वेगळी छोटी इमारत आहे, तिला 'लॅबोरेटरी' म्हणतात. इथे गोळ्यांत दारू भरायचे. तिचं वेगळेपण बघण्यासारखं आहे. बार भरण्याचं काम कोठारात नाही, तोफेपाशी नाही, राहण्याच्या खोल्यांजवळ नाही. स्फोट झालाच तर एवढीच इमारत जावी. काल-परवा हर्स्टला दिव्याची वाट वेगळी पाहिली होती, तोच धडा इथे अंगणभर पसरलेला दिसतो. गोळ्यांची कोठी वेगळी, दारूची वेगळी, दोन्ही जमिनीखाली. मला इथे जाणवलं ते हे, की या सबंध मोर्च्यात फ्रेंचांसाठी बांधलेलं काम थोडं आहे. बहुतेक काम स्वतःच्या दारूपासून स्वतःच्या माणसांना वाचवायला केलेलं आहे. बावीस-तेवीस वर्षांची पोरं असतील ती. त्यांच्यासाठी कुणीतरी नकाशावर बसून दर वळणाचा, दर कोनाड्याचा विचार केला होता. फ्रेंच काही आले नाहीत. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स प्रशियाकडून हरला, आणि लोक या सगळ्या बांधकामांना 'पामर्स्टनचा वेडेपणा' म्हणू लागले. मला ते नाव पटत नाही.

मग बोगदा. अंगणातून अरुंद गोल जिना खाली उतरतो आणि पुढे सुमारे ६५ मीटरची सुरुंगवाट कड्याच्या टोकाकडे जाते. १८८० च्या दशकात ही खोदली. तोवर भीती बदलली होती. मोठ्या चिलखती जहाजांऐवजी रात्री अंधारात घुसणाऱ्या, लहान, चपळ टॉर्पेडो बोटी. त्यांना शोधायला प्रखर झोताचा दिवा हवा, आणि तो खाली, पुढे, टोकावर हवा. जिना इतका चिंचोळा की वरून येणाऱ्याला थांबावं लागतं. अण्णांनी गुडघ्याचा विचार करून आधी नको म्हटलं. खालून वर आलेल्या, त्यांच्याच वयाच्या एका बाईंनी मात्र "सावकाश उतरा, पण चुकवू नका" असं सांगितलं, आणि आपली काठी त्यांच्या हातात देऊन त्या वर बाकावर काठीची वाट बघत बसल्या.

बोगद्यात गार, ओलसर वास. भिंतीला हात लावला की पांढरा होतो. आणि टोकाला एकदम उजेड. झोताच्या दिव्याची जागा, पुढे आडवी फट, आणि तिच्यात नीडल्सचे तीन सुळके ओळीने उभे, शेवटी १८५९ चा लाल-पांढरा दीपस्तंभ. वरून हेच सुळके दिसतात, पण पाठीवरून. इथून ते हाताच्या अंतरावर येतात. सुईसारखा खरा निमुळता सुळका मात्र यांत नाही. तो १७६४ च्या वादळात पडला आणि नाव मागे राहिलं. ओमने किती वेळ हू की चू केलं नाही. लाटेचा आवाज त्या फटीतून येतो आणि बोगद्यात मागे मागे जातो.

वर येऊन काठी साभार परत केली. जुन्या टेहळणीच्या खोलीत चहाची सोय आहे. स्कोन, जॅम, घट्ट साय आणि चहा. काठीवाल्या बाईही आमच्याच टेबलाशी बसल्या. त्यांच्या लहानपणी हा भाग बंदच होता, त्या म्हणाल्या. १९८२ मध्ये लोकांसाठी उघडला तेव्हा पहिल्याच वर्षी वडिलांना घेऊन त्या आल्या होत्या. अण्णांनी त्यांना घारापुरीच्या लेण्यांवरच्या टेकडीवरच्या दोन अवजड ब्रिटिश तोफांबद्दल सांगितलं. लेणी बघायला जाणाऱ्यांतले फार थोडे तेवढं चढून जातात.

शेवटी वरच्या बाजूचा नवा मोर्चा. चढ दहा-पंधरा मिनिटांचा. हा का बांधला, ते कारण ऐकून अण्णा एकदम सरळ होऊन बसले. खालच्या मोर्च्यातल्या तोफांच्या हादऱ्याने खडूचा कडाच ढासळेल अशी भीती वाटू लागली होती. तोफा वाढत गेल्या, जमीन मात्र तीच. म्हणून १८९३ ते १८९५ मध्ये मागे सरकून, आणखी उंचावर नवं बांधकाम झालं, आणि तिथे ९.२ इंची तोफा आल्या. दोन्ही महायुद्धांत त्या इथे होत्या, १९५४ मध्ये मोडीत निघाल्या. परवा हर्स्टचा पाया समुद्राने नेला, इथे वरच्या हादऱ्याने पाया हलायची भीती. "जमिनीला विचारल्याशिवाय बांधू नये," हे वाक्य मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकत आले आहे. त्या दिवशी ते त्यांनी ओमला सांगितलं.

ओमची खरी मेजवानी इथेच होती. १९५६ ते १९७१ या काळात नव्या मोर्च्याशेजारी ब्रिटनच्या रॉकेटांच्या इंजिनांच्या चाचण्या व्हायच्या. 'ब्लॅक नाइट' आणि 'ब्लॅक अ‍ॅरो' ही रॉकेटं इथे जमिनीला जखडून पेटवून बघत, मग ऑस्ट्रेलियात वूमेराला नेऊन सोडत. ऑक्टोबर १९७१ मध्ये 'ब्लॅक अ‍ॅरो'ने 'प्रॉस्पेरो' उपग्रह कक्षेत पोचवला, आणि त्याआधीच, जुलैमध्ये, सरकारने हा कार्यक्रम बंद करायचं जाहीर केलं होतं. कड्याच्या पोटात अजून काँक्रीटचे चौथरे दिसतात. दारूकोठाराच्या जुन्या भूमिगत खोल्यांत आता त्या रॉकेटांचं प्रदर्शन आहे.

जाणाऱ्यांसाठी: जुना मोर्चा आणि नवा मोर्चा दोन्ही नॅशनल ट्रस्टकडे आहेत, पण दोन्हींच्या वेळा सारख्या नसतात, बघून जा. वाऱ्याच्या दिवशी निघण्याआधी फोन कराच. बस हंगामापुरती असते. बोगद्याचा जिना अरुंद आहे, पाठीवरची सॅक वर कुणाकडे तरी ठेवा. उन्हातही वर गार लागतं, कानटोपी असू द्या. दुपारनंतर ऊन समोरून येतं, सुळक्यांचे फोटो हवेत तर सकाळीच पोचा. आणखी एक दिवस हाताशी असेल तर बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर व्हिक्टोरिया राणीचं ऑस्बर्न हाउस बघा. तिथली दरबार खोली लाहोरच्या भाई राम सिंग यांनी लॉकवूड किपलिंग यांच्याबरोबर घडवली. हे किपलिंग त्याआधी मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकवत होते आणि क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पंही त्यांचीच. आम्हाला वाऱ्याने एक दिवस कमी दिला, म्हणून ते राहिलं.

परतीच्या फेरीत अण्णा खिडकीजवळ बसले. हर्स्ट समोरून सरकत होतं, लांब, बुटकं, पाण्याला टेकलेलं. मागे नीडल्सचा कडा उन्हात पांढरा. ओम झोपला होता. अण्णांनी लसणाची पिशवी मांडीवर घेतली होती आणि तिच्या कागदी पाठीवर माझ्या पेनाने काहीतरी काढत होते. वाकून पाहिलं. भिंतीचा छेद होता. एका बाजूला चिंचोळी वाट, दुसऱ्या बाजूला खोली, मध्ये कोनाडा. कोनाड्यात बाण करून लिहिलं होतं 'दिवा', खोलीत लिहिलं होतं 'दारू', आणि मधल्या रेघेवर, दोनदा गिरवून, 'काच'.

"हिची जाडी विचारायची राहिली," ते म्हणाले.